आमटीतली गोळी

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी कराडजवळच्या एका गावात राहते. लग्नाला अकरा वर्षं झाली. घरात सासूबाई, आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि माझे मोठे दीर. भाऊजींना स्किझोफ्रेनिया आहे, हे मला लग्नानंतर कळलं. आधी 'जरा अबोल आहे' एवढंच सांगितलं होतं. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते वारले. भाऊजी गोळ्या घेत नाहीत, 'मला काही झालेलं नाही' म्हणतात. म्हणून सासूबाई गोळी कुटून त्यांच्या आमटीत घालायच्या. त्यांचे हात कापायला लागल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, ते काम माझ्याकडे आहे. डॉक्टरांकडे हे एकटेच जातात, जुना कागद दाखवून गोळ्या आणतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या गडबडीत आठवडाभर गोळी राहिली, तर भाऊजींनी ताटं भिरकावली आणि घर सोडलं. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या स्टँडवर सापडले. आता शांत असतात, पण दिवसभर आडवे. यांचा आवाज चढतो, 'फुकट खातोस' म्हणतात. आत्यासासूबाई म्हणतात लग्न लावून द्या, सुधारेल. नणंद पुण्याहून फोनवर सांगते, कुठल्यातरी आश्रमात ठेवा. परवा भाऊजींनी वाटी पुढे ओढली आणि मला विचारलं, 'यात काय घातलंय गं?' मी म्हटलं, 'मीठ.' तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मी पाप करतेय का? आणि खरं सांगू का, मला कधी कधी या माणसाचा राग येतो. मी स्वार्थी आहे का?"

ताई,

पापाचं आधी सांगते. तुम्ही पाप करत नाही. गोळी चुकली की हा माणूस हरवतो, हे घराने पाहिलं होतं. ती पोटात जाण्याचा जो एक मार्ग सासूबाईंना सापडला तो त्यांनी धरला, आणि पुढे तुमच्या हातात दिला. असं करणारी घरं कमी नाहीत. मनोविकाराच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या आया एकमेकींना हलक्या आवाजात हेच सांगत असतात, कढीत घाल, कळत नाही. डॉक्टरही कधी कधी कानाडोळा करतात.

तरीही हे थांबायला हवं. उद्यापासून मात्र नाही. उद्या वाटीत गोळी पडली नाही तर दोन वर्षांपूर्वीची दिवाळी परत येईल. लपवणं थांबवायचं आहे, औषध थांबवायचं नाही. या दोन गोष्टींची गल्लत घरात कुणाचीही होऊ देऊ नका.

या आजारात संशय मुळातच असतो. 'माझ्या जेवणात कुणीतरी काहीतरी मिसळतंय' हा तर त्यातला नेहमीचा भ्रम. भाऊजींनी परवा विचारलं ते मात्र भ्रमातून नव्हतं. त्यांना बरोबर दिसलं होतं आणि तुम्ही मीठ म्हणालात. घरच्यांवर विश्वास ठेवायचा तर स्वतःच्या डोळ्यांवर ठेवायचा नाही, अशा जागी तो माणूस उभा राहिला. आजाराने त्यांना वर्षानुवर्षं जिथे उभं केलं तीच ही जागा, फक्त या वेळी तिथे आपण नेलं. उद्या त्यांना कळलं, आणि अशा गोष्टी कळतातच, तर ते आधी जेवण सोडतील. तुमच्या हातचं तर नक्कीच.

दुसरं म्हणजे, भाऊजींच्या हिशेबाने ते चार वर्षं एकही गोळी न घेता बऱ्यापैकी शांत आहेत. मग त्यांनी गोळी का घ्यावी? 'मला काही झालेलं नाही' या त्यांच्या म्हणण्याला पुरावा आपणच रोज दुपारी वाढतो आहोत.

आणि औषध म्हणूनही हा प्रकार धड नाही. आमटी अर्धी उरली तर डोस अर्धा. काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या कुटायच्याच नसतात. या आजारावरच्या ओलान्झापिनसारख्या गोळीने वजन वाढतं, रक्तातली साखर वाढू शकते. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांनी अंग आखडतं, हात कापतात, काहींचे पाय एका जागी ठरत नाहीत. क्लोझापिन असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठरल्या वेळी तपासाव्याच लागतात, आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम देता येत नाही, अगदी थोड्यापासून परत चढवत न्यावा लागतो. आता ज्याला आपण गोळी खातो हेच ठाऊक नाही, त्याचं रक्त कोणत्या निमित्ताने काढायचं? भाऊजी दिवसभर आडवे असतात त्यात आजाराचा वाटा किती आणि गोळीच्या गुंगीचा किती, हे ठरवायला डॉक्टरांसमोर माणूस लागतो. जुन्या कागदावरून ते ठरत नाही.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उभाच आहे तो रुग्णाच्या संमतीवर. समजावून सांगितल्यानंतर स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता माणसात आहे, हे तो आधी गृहीत धरतो. ज्या वेळी ती क्षमता नसते, त्या वेळेसाठी त्यात वेगळी वाट आहे, तिच्याकडे येते.

पहिलं काम तुमच्या यजमानांचं आणि तुमचं, दोघांचं मिळून. भाऊजींना न घेता डॉक्टरांना भेटा आणि सगळं सांगा. कधीपासून, कशात, किती, मध्ये किती वेळा राहिली. गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. डॉक्टर रागावतील अशी भीती यजमानांना असेल, म्हणूनच ते एकटे जात असावेत. रागावू देत. त्या डॉक्टरांना ऐकायला वेळ नसेल तर साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात जा. तेही लगेच जमत नसेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्या माणसानेही फोन केलेला चालतो.

मग भाऊजींना डॉक्टरांसमोर न्यायचं. इथे बहुतेक घरं घसरतात, कारण 'तुला आजार आहे हे कबूल कर' यावरून सुरुवात होते. आजार नाही असं वाटणं हाच या आजाराचा एक भाग आहे, तो हट्ट नव्हे. त्यावर वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. त्यांचं स्वतःचं दुखणं काय आहे ते शोधा. झोप लागत नाही? अंग जड वाटतं? कुणी मागे लागलंय असं वाटून जीव घाबरतो? जे ते स्वतः बोलतात, तेवढ्याच गोष्टीसाठी जायचं. सासूबाईंनी म्हणावं, "रात्री तुला झोप नसते, मला बघवत नाही, माझ्यासाठी एकदा चल." आवाज ऐकू येतात म्हणाले तर "असं काही नसतं" म्हणू नका आणि "हो, मलाही येतात" असंही नको. "मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय" एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. खोटं न बोलता त्यांच्या बाजूला उभं राहण्याची सवय घराला लागली की गोळीचा प्रश्न निम्मा हलका होतो.

डॉक्टरांसमोर त्यांच्या हातात काहीतरी ठरवायला राहू द्या. गोळी सकाळी की रात्री? गोळी की इंजेक्शन? महिन्याला एक घ्यायची इंजेक्शनं असतात, दोन ते चार आठवड्यांनी द्यायचं जुनं इंजेक्शनही आहे आणि ते तुलनेने स्वस्त पडतं. रोज गोळीची आठवण करून घेण्याचा ज्यांना उबग येतो, ते कित्येकदा इंजेक्शनला राजी होतात. तुमच्या घरात त्याचा वेगळा फायदा आहे: स्वयंपाकघरात पुन्हा फक्त स्वयंपाक होईल.

मागच्या चार वर्षांचं सांगायचं का? यावर डॉक्टरांमध्येही एकमत नसतं, म्हणून हे माझं मत समजा. आपणहून कबुलीजबाब द्यायची घाई करू नका. आधी उघडपणे औषध सुरू होऊ दे, बसू दे, आणि मग डॉक्टरांच्या साक्षीने सासूबाईंनी सांगावं. तुम्ही नाही, सासूबाईंनी, कारण सुरुवात त्यांची आणि लेकाचा राग पचवायची ताकदही त्यांची. मात्र तोवर भाऊजींनी तुम्हाला पुन्हा विचारलं, 'काय घातलंय', तर यापुढे मीठ म्हणू नका. "आईंना विचारा, त्या सांगतील" म्हणा, आणि सासूबाईंना तयार ठेवा.

उघडपणे औषध घ्यायला त्यांनी साफ नकार दिला तर? तर काही दिवस वाट पाहून परत विचारायचं, डॉक्टरांमार्फत विचारायचं. या काळात वाटीचं काय करायचं हे तुम्ही ठरवू नका, ते डॉक्टरांनी ठरवावं. आणि लक्ष ठेवायचं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात काय काय बदललं होतं ते तुम्ही तिघं एका कागदावर लिहून काढा. झोप कधी उडाली, आंघोळ कधी थांबली, खिडक्या लावून घेणं, स्वतःशी पुटपुटणं, जेवण नाकारणं. दर माणसाची ही चिन्हं ठरलेली असतात आणि बहुधा त्याच क्रमाने येतात. पहिली दोन दिसली की डॉक्टर, ताटं भिरकावेपर्यंत थांबायचं नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी वेळ आली, किंवा ते स्वतःची काळजीच घेईनासे झाले, तर त्यांची संमती नसतानाही दाखल करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, त्यांना स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि मुदत तीस दिवसांपर्यंत असते. अंगावर येण्याची लक्षणं दिसली तर मुलीला घेऊन शेजारी जायचं आणि ११२ फिरवायचा. त्यात कमीपणा नाही.

आता थोडं यजमानांशी. हा भाग त्यांना वाचायला द्या.

दादा, तुमचा भाऊ पडून राहतो तो आळस नाही. या आजाराची एक बाजू सगळ्यांना दिसते, ती म्हणजे संशय, आवाज, आरडाओरडा. दुसरी बाजू मुकी असते. काही करावंसं न वाटणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, दिवस कुठून धरायचा हेच न कळणं. औषधाने पहिली बाजू बऱ्यापैकी आवरते, ही दुसरी फार कमी. त्यामुळे घरच्यांना वाटतं, आता तर बरा आहे, मग काम का करत नाही?

आणि 'फुकट खातोस' याची किंमत मोजलेली आहे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने रुग्णालयातून घरी गेलेल्यांचं पुढे काय होतं ते तपासलं. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा दाखल होत होते. पुढच्या अभ्यासांत कारण उलगडलं: सतत टोचून बोलणं, राग धरणं, आणि त्याच्या जोडीला जिवाला जीव लावून चोवीस तास मागे लागणं. अशा घरात आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला की आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. याचा अर्थ घरच्यांनी आजार दिला असा नाही, तो दिलेला नाही. नंतर लंडनची आणि चंदीगडची तुलना झाली, तेव्हा चंदीगडमध्ये अशी टोचणारी घरं बरीच कमी निघाली आणि तिथले रुग्णही कमी वेळा बिघडले. म्हणजे आपल्या एकत्र कुटुंबांकडे जे आहे ते कामाचं आहे, ते घालवू नका. आणि सासूबाईंनी लेकाच्या मागे मागे फिरणं हेही, प्रेमाचं असलं तरी, त्या पस्तीस तासांत धरलं जातं.

म्हणून भावाला काम द्या, पण लहान, रोजचं, ठरलेल्या वेळेचं आणि घराबाहेर नेणारं. संध्याकाळी दूध डेअरीला घालून येणं. फॅट किती लागली ते वहीत लिहिणं. पहिल्या आठवड्यात बरोबर जा, नंतर नाही. एखादा दिवस चुकला तर विषय काढू नका. बारा दिवस झाले की बी.ए.ला परत बस म्हणणारे मामा प्रत्येक घरात असतात, त्यांना दारातूनच चहा पाजून पाठवा.

ताई, लग्नाचं एका वाक्यात: नाही. लग्न हे औषध नव्हे, आणि न सांगता लावलेल्या लग्नात काय होतं हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? आजाराबद्दल फसवून लावलेलं लग्न न्यायालयात रद्द होऊ शकतं. भाऊजी स्थिर झाले, त्यांना स्वतःला हवं असलं आणि समोरच्या बाईला सगळं माहीत असलं, तर पुढे कधीतरी बोलू. आत्यासासूबाईंना हे सगळं सांगत बसू नका, "डॉक्टर नको म्हणाले" म्हणा.

आश्रमाबद्दल थोडं जास्त. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या अशाच एका खासगी जागेत आग लागली, आणि साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण तिथून पळू शकले नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांना घरच्यांनीच, चांगल्या हेतूने, तिथे ठेवलं होतं. आता साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे, आणि मनोरुग्ण ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. नणंदबाईंनी एखादी जागा सुचवलीच तर नोंदणीचा कागद मागा, आणि मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा. पुण्यात त्या आहेत तर त्यांना जास्त कामाची गोष्ट सुचवा: स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था पुण्याचीच, ती कॅनडात राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी उभी केली, पत्नीच्या आजारपणात सगळं स्वतः भोगल्यानंतर. तिथे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी स्वमदत गट चालतो. नणंदबाईंनी एकदा जाऊन बसावं, मग फोन करावा.

सासूबाई आहेत तोवर करून घ्यायची कागदपत्रं मात्र टाळू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार एकवीस प्रकारांत धरलेला आहे. सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, चाळीस टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती सुरू होतात. सासरे जिल्हा परिषदेत शिक्षक होते, म्हणजे सासूबाईंना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत असणार. मनोविकारामुळे जे अपत्य कमावू शकत नाही, त्याला आईनंतर ते हयातभर मिळण्याची सोय पेन्शनच्या नियमांत आहे. सासूबाई हिंडत्याफिरत्या आहेत तोवर पंचायत समितीत चौकशी करून भाऊजींचं नाव आणि प्रमाणपत्र पेन्शनच्या कागदांना जोडून घ्या. नंतर पळापळ तुमचीच होईल. सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचं नाव लागलं आहे का तेही बघा. आजारी भावाकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडून द्यावा, असं पत्र टिकत नाही आणि घरही टिकत नाही.

शिवाय एक साधा कागद. भाऊजी बरे असताना, त्यांच्या वतीने दवाखान्यात कुणी बोलायचं, हे ते स्वतः साध्या कागदावर सही करून ठरवू शकतात. कायद्यात त्या माणसाला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. आईचं, भावाचं, बहिणीचं, कुणाचंही नाव त्यांनी लिहावं. तुमचं लिहिलं तर हो म्हणायलाच हवं असं नाही.

राहिला तुमचा राग. न सांगता लग्न लावलं, न विचारता वाटी हातात दिली, आणि त्याबद्दल कुणी एकदाही चुकलो म्हटलं नाही. यात राग आला नसता तरच मला तुमची काळजी वाटली असती. तो भाऊजींवर निघतो, कारण समोर तेच असतात. त्याचे खरे धनी दुसरे आहेत आणि तेही तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा स्वार्थी व्हायचं असेल तर थोडं होऊनच बघा. डॉक्टरांच्या फेऱ्या यजमानांच्या. औषध समोर ठेवणं सासूबाईंचं. तुमच्याकडे सगळ्यांचा स्वयंपाक आहे तेवढा पुरे. मुलीला "काकांच्या विचारांचा आजार आहे, त्यात त्यांची चूक नाही, आणि ते चिडले की तू लगेच माझ्याकडे यायचं" एवढं स्पष्ट सांगा, तिला निम्मं कळलेलंच आहे. आणि दर उन्हाळ्यात पंधरा दिवस माहेरी जा. त्या पंधरा दिवसांत नणंदबाईंनी इकडे येऊन राहावं. हा निरोप द्यायला तुम्ही फोन करू नका, यजमानांना करायला सांगा.